पंपवालिणीची शपथ

तिला सगळे पंपवालीण म्हणत. नवरा पंपवाला, म्हणून ती पंपवालीण. लग्न होऊन या घरात आली, त्या पहिल्याच सकाळी तिनं सासूबाईंना विचारलं होतं, "हा आवाज कसला हो?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "कुठला आवाज?" पुढं वर्षभरात तिलाही तो ऐकू येईनासा झाला. पंप बंद पडला, की मात्र कानात भोक पडल्यासारखं व्हायचं आणि ती हातातलं काम टाकून दारात यायची.

पंपघर आणि राहतं घर यांच्यामध्ये एकच भिंत. त्या भिंतीला स्वयंपाकघरातली मांडणी टेकलेली, त्यामुळे मांडणीवरची ताटं-वाट्या सदा बारीक थरथरत. तिनं प्रत्येक फळीवर जुन्या चादरीच्या घड्या अंथरल्या, तेव्हा कुठं खणखण थांबली. पाहुणी आलेली बाई विचारायची, हे गं काय, ताटांना पांघरूण? ती म्हणायची, "माझी सवत आहे पलीकडं. तिचा पाय स्वस्थ नाही, मग माझी भांडी घाबरतात." पंपवाला हे ऐकून हसायचा. सवतीला तेल घालायला मात्र तो पहाटे उठायचा आणि बायकोला पाणी हवंय का, हे विचारायला विसरायचा.

घरापुढं मातीचा बांध, बांधापलीकडं चर, आणि चरापलीकडं नजर पोचेल तिथवर काळी सपाट जमीन. एके काळी तिथं पाणथळ होती. गुडघाभर, कमरेभर, कुठं कुठं ठाव न लागणारं पाणी, त्यात डोक्याहून उंच बोरू आणि लव्हाळं. लोक आत जाऊन बोरू कापायचे आणि त्याच्या चटया व्हायच्या. मग पाणीमंडळ नावाचं एक कार्यालय निघालं. त्यांनी चर खणले, पंप बसवला, पाणी उपसून नदीत सोडलं आणि जमीन पेरायला मोकळी केली. पहिली काही वर्षं पीक असं आलं, की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. लागलीच म्हणायची. ती माती मुळात माती नव्हतीच. शेकडो वर्षांचा कुजका पाला आणि मुळं एकावर एक दडपून बसली होती. पाणी गेलं तशी ती आक्रसली, खचली, भुकटी होऊन उडायला लागली. घराच्या उंबऱ्याला पूर्वी पायरी नव्हती. आता तीन पायऱ्या उतरून अंगणात जावं लागे, इतकी जमीन खाली गेली होती. लोकांनी शेतं सोडली, मंडळानं हात काढून घेतला. पंप तेवढा चालू राहिला. तो मंडळानं पंपवाल्याच्याच हवाली केला होता, त्याच्या वाट्याच्या जमिनीसकट.

आणि मग ती जमीन पेटली.

ज्वाळा नव्हत्या. ज्वाळा असत्या तर विझवता तरी आल्या असत्या. जमीन आतून जळत होती, ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या निखाऱ्यासारखी. कुठून तरी धूर वर यायचा, एका जागी थांबायचा, तिथलं गवत पिवळं पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो दुसरीकडूनच यायचा. संध्याकाळी वारा पडला, की त्या काळ्या सपाटीवर धुराचे उभे पुंजके दिसत. माणसाच्या उंचीचे. जणू कोणी कोणी आपापल्या जागी उभं राहून घराकडं बघतंय. पंपवालीण तिन्हीसांजेला दार लावून घ्यायची. सुनेला सांगायची, धूर आत येतो म्हणून. खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं.

ते कारण समजायचं, तर काठ्यांचा रिवाज समजून घ्यायला हवा.

पाणथळीत जायच्या वाटा थोड्या होत्या. बोरूतून बाहेर येताना धुक्यात कुठं पाय टेकेल नि कुठं नाही, हे कळायला काठावर खूण लागे. म्हणून आत शिरणारा प्रत्येक जण, जिथून शिरला तिथं आपली काठी रोवून जायचा. काठीच्या टोकाला पांढरी चिंधी. परत आला, की स्वतःची काठी उपटून घरी न्यायची. दोघं मिळून गेले, तर दोन काठ्या एकाच चिंधीनं बांधून रोवायच्या, तिला जोडकाठी म्हणत. जोडकाठीतला एक जण आधी बाहेर आला, तर त्यानं तिला हात लावायचा नाही. दुसरा येईल तेव्हा दोघांची मिळूनच निघेल. दिवस कलला, की काठावरचा राखण्या फेरी मारायचा. काठी दिसली म्हणजे आत माणूस आहे. मग मशाली पेटायच्या, हाका सुरू व्हायच्या. काठ रिकामा म्हणजे सगळे घरी पोचले. माणसं मोजायची पद्धत नव्हती. काठ्या बघायच्या.

पंपवाला तेव्हा मिसरूड फुटलेला होता, धाकटा भाऊ त्याच्या खांद्याला आलेला. एक दिवस दोघं बोरू कापायला गेले. दुपारी थोरल्याला हुडहुडी भरली. तो धाकट्याला म्हणाला, मी होतो पुढं, तू भारा बांधून ये. थोरला घरी आला तो तापानं फणफणतच, गोधडीत शिरला नि भान हरपलं. दिवस कलताना पावसाची भुरभुर सुरू झाली, धुकं उतरलं. राखण्या फेरी मारून गेला. काठ रिकामा होता.

सकाळी धाकट्याचं अंथरूण तसंच घडी केलेलं दिसलं. आणि दाराआड, कोपऱ्यात, जोडकाठी उभी होती. दोन्ही काठ्या, चिंधीची गाठ न सोडलेली.

गावानं लव्हाळं न् लव्हाळं धुंडाळलं. धाकटा सापडला नाही.

"तापात होतास रे," लोक थोरल्याला म्हणाले, "भ्रमात उपटून आणल्यास. तुझा काय दोष?" त्याला काहीच आठवत नव्हतं. काठापासून घरापर्यंतची वाट त्याच्या डोक्यातून पुसून गेली होती. तो म्हणाला, "मीच आणल्या असणार." आई तिथंच बसली होती. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून तो तसंच धरून चालला, की धाकटा धुक्यातून काठापाशी आला असेल, खूण शोधली असेल, आणि खूण नव्हती, कारण दादा घेऊन गेला.

मंडळाचा पंप बसला, तेव्हा चालवायला माणूस हवा होता. हा पुढं झाला. पाणी उपसलं की धाकटा सापडेल, एवढाच हिशेब. चरातला गाळ निघायचा तो हा स्वतः हातानं चाळायचा. विळे सापडले, होडीची फळी सापडली, एकदा कुणाचा तरी जोडा सापडला. तो धाकट्याचा नव्हता, तरी हा दोन दिवस जेवला नाही. आईनं अखेरच्या दिवसांत त्याच्याकडून शब्द घेतला होता, "त्याला कोरड्यात आण."

पण त्याच्या कितीतरी आधी, आजारपणात, सासूबाईंनी सुनेला एक गोष्ट सांगितली होती. पंपवालीण त्यांची पाठ पुसत होती. सासूबाई भिंतीकडं तोंड करूनच बोलल्या.

"काठ्या मी आणल्या."

हातातला पंचा तसाच राहिला.

"थोरला गोधडीत दिसला. मला वाटलं, धाकटा भारा घेऊन चटईवाल्याकडं गेला असेल, नेहमी जायचा. आदल्याच आठवड्यात राखण्यानं चारचौघांत बोल लावला होता, तुमची पोरं काठी विसरली म्हणून सगळं गाव जागवलं. म्हटलं, पुन्हा बोभाटा नको. गेले नि उपटून आणल्या. घरी आले, चूल पेटवली." मग म्हणाल्या, "सकाळी तो म्हणाला, मीच आणल्या असणार. मी तोंड उघडायच्या आधी तो म्हणाला गं. मग नाहीच उघडलं."

आणि सुनेचा हात धरून त्यांनी देवाची शपथ घातली. "माझ्या लेकाला कधी सांगायचं नाहीस. मी गेल्यावरसुद्धा नाही. त्याच्या मनातून उतरले, तर मला कुठंच जागा नाही."

पंपवालीण देवभोळी नव्हती, देवाला भिऊन वागणारी होती. दोन्हींत फरक आहे. सकाळी आंघोळ झाल्यावर हात जोडून घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे, आणि त्या नावांत धाकट्या दिराचंही नाव असे, ज्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. शपथ तिनं पोटात ठेवली. सासूबाई गेल्या. नवरा चरातला गाळ चाळत राहिला आणि ती बघत राहिली. देव सगळं बघतो असं आपण म्हणतो. ती कधीकधी देवाला म्हणे, तू बघतोस ते ठीक आहे रे, पण मला कशाला बघायला लावतोस?

सासूबाईंची खोली तिनं मोकळीच ठेवली होती. तिथं झाडायला गेली, की पाठीला कुणाची तरी नजर लागल्यासारखी वाटायची. मागं वळून ती हळूच म्हणायची, "नाही सांगितलं. काळजी करू नका."

मुलगा दूर नोकरीला होता, सून आणि नात इथं. नातीला सगळे ठकी म्हणत. बोलायला लागली ती पंपाच्या तालावरच, "घर्र आजी, घर्र आजोबा". जमीन पेटल्यापासून ठकीचा श्वास वाजायला लागला. हसली तरी खोकला, रडली तरी खोकला. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि वर म्हणाले, "औषध मी देतो, पण हवा कुठून देऊ?"

त्याच सुमारास एक बाई येऊ लागल्या. पाणथळी पुन्हा जिवंत करायचं काम करणारी एक संस्था होती, तिच्यातल्या. गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला रुमाल, आणि जमिनीत खुपसून माती वर काढायची एक लांब पोकळ नळी. पंपवालीण त्यांना बूटवाल्या बाई म्हणायची. बाईंनी आजूबाजूच्या सगळ्या जमीनमालकांना राजी केलं होतं. चर बुजवायचे, पाणी परत येऊ द्यायचं. मातीत पाणी मुरलं की आतली आग आपोआप मरेल. खालच्या वस्तीतल्या विहिरी आटल्या होत्या, त्यांना झरे फुटतील. पावसाळ्यात नदी चढते नि लोकांच्या घरात शिरते, कारण तिला अंग पसरायला जागाच उरलेली नाही. ती जागा तिला परत मिळेल. सगळे हो म्हणाले होते. राहिला होता एकच पंप.

"काका, जबरदस्ती नाही," बाई अंगणात बसून म्हणाल्या. "पण तुमचा पंप चालू आहे तोवर आम्ही कितीही चर बुजवले, तरी ते फुटक्या माठात पाणी भरण्यासारखंच आहे."

"मी पंप लावला नाही," पंपवाला म्हणाला. "मी तो चालवतो. तुमच्या आधीचे शहाणे आले, म्हणाले पाणी काढा. आता तुम्ही आलात, म्हणता पाणी घाला. उद्या कोण येईल?"

"उद्या मीच येईन," बाई म्हणाल्या. "मला दुसरं काम नाही."

पंपवालीण दाराआडून हसली. नवऱ्याला वाकडं उत्तर देणारं माणूस तिला नेहमीच आवडायचं.

बाई खरंच दुसऱ्या दिवशी आल्या. बांधापलीकडं, जिथं पंपाचा ओढा कमी होता आणि थोडी ओल उरली होती, तिथं त्यांनी नळी खोल खुपसली नि वर काढली. ओला काळा गोळा बाहेर आला. बाईंनी तो बोटांनी उकलला आणि आतून एक पान काढलं. तपकिरी झालेलं, पण अख्खं. शिरा न् शिरा दिसत होती.

"हे किती जुनं असेल, सांगता येत नाही. तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आधीचं," बाई ठकीच्या तळहातावर पान ठेवत म्हणाल्या. "कुजायला हवा लागते. पाण्याखाली हवा नाही. ओल्यात जे पडलं, ते तसंच्या तसं राहतं. कोरडं झालं, की मग कुजतं, नाहीतर जळतं."

त्या हे सहज बोलल्या. या घरात कोण हरवलंय, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंपवालिणीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो पानाकडं बघत होता. मग त्यानं मान वर करून त्या काळ्या सपाटीकडं पाहिलं, जिथं दुपारच्या उजेडातही दोन-तीन जागी धूर उभा होता. चेहरा राखेसारखा झाला. तो पंपघरात गेला आणि आतून कडी घातली.

त्या दिवसापासून त्याची झोप गेली. जेवताना घास हातात धरून तो खिडकीबाहेर बघत राही. एकदा सुनेला म्हणाला, "तो धूर तिथं होता का गं काल? की पुढं सरकलाय?" सून म्हणाली, "बाबा, धूर आहे तो, जागा बदलणारच." "हो," तो म्हणाला, "धूरच आहे."

पंप मात्र बंद केला नाही. पंपवालिणीला कळत होतं. पंप चालू ठेवावा, तर धाकटा जिथं कुठं आहे तिथं जळतोय. बंद करावा, तर आईला दिलेला शब्द मोडतो, आणि ज्याला आपण बुडवलं त्याच्यावर आपल्याच हातानं पुन्हा पाणी सोडल्यासारखं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी भिंत होती. आणि त्यातल्या एका भिंतीची वीट पंपवालिणीच्या पोटात होती.

एका सकाळी वारा घराच्या दिशेनं फिरला. ठकी अंगणात खेळत होती. सून कपडे वाळत घालत होती, तिच्या पाठीमागं काही पडल्याचा आवाज झाला. ठकी पायरीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, आणि तिच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. ओठ निळसर झाले होते. पंपवाल्यानं तिला उचललं आणि तो पळत सुटला. म्हातारा माणूस, पण दवाखान्यापर्यंत थांबला नाही. डॉक्टरांनी वाफ दिली, सुई दिली. दुपारी पोर आईच्या मांडीवर निजली. सुनेनं डोळे पुसले आणि सासूला सरळच सांगितलं, "आई, मी हिला घेऊन माहेरी जाते. मला पाण्यात बघू नका. पण इथं राहिले, तर हिला घालवून बसेन."

"जा," पंपवालीण म्हणाली. "मी तुझ्या जागी असते, तर गेल्या महिन्यातच गेले असते."

त्या दोघी गेल्या. घर एकदम मोठं झालं. पंपवालीण सासूबाईंच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. तिथं ती बराच वेळ उभी होती. काय बोलली ते तिचं तिला आणि ज्याच्या नावानं शपथ घेतली होती त्यालाच ठाऊक. बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते.

पंपवाला पंपघराच्या उंबऱ्यावर बसला होता, ठकीचा एक बूट हातात घेऊन. पळताना तो पायातून पडला होता.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी काठ्या तुम्ही आणल्या नव्हत्या. आईंनी आणल्या. त्यांनीच सांगितलं मला, त्यांच्या आजारपणात. शपथ घातली होती, म्हणून बोलले नाही."

सांगितलं तेव्हा ते इतकं लहान वाटलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, आणि बोलायला चार वाक्यं पुरली.

तो तिच्याकडं बघत राहिला. ओरडला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

"आज आठवलं तुला," तो शेवटी म्हणाला.

"आठवलं नाही. रोज आठवत होतं."

"पोर आजारी पडली, सून गेली, पंप बंद करून हवाय. आणि नेमकं आज तुला हे सांगायचंय." त्याचा आवाज अगदी खाली होता. "मेलेल्या माणसावर ढकललं, की ते उत्तर द्यायला येत नाही. माझी आई आहे ती. दुसरं काहीही बोल."

ती पुरावा कुठला देणार? त्या दोघी होत्या खोलीत. एक गेली, एक उरली. शपथ मोडली ती मोडली, आणि हाती काही लागलं नाही. देवाच्या दारीही ती खोटी पडली आणि नवऱ्याच्याही.

पुढचे दिवस घरात दोन माणसं होती आणि पंपाचा आवाज होता. ती ताट वाढून ठेवायची, तो येऊन जेवायचा. तिनं सकाळी हात जोडले, की नावं घ्यायची, पण सासूबाईंच्या नावापाशी जीभ अडखळायची. त्या खोलीत झाडायला जायचं तिनं सोडलं. मागं वळून आता काय सांगणार?

एक दिवस ती भांडी घासत होती. तो मागच्या दारात येऊन उभा राहिला.

"आईची चप्पल," तो म्हणाला.

"कसली चप्पल?"

"तुला तिनं चपलेचं काही सांगितलं?"

"नाही," ती म्हणाली. "चपलेचं काही बोलल्या नाहीत."

तो खाली बसला, तिच्यासमोर, ओल्या दगडावरच. "त्या सकाळी सगळे शोधायला निघाले, तेव्हा आईच्या एकाच पायात चप्पल होती. मी तापातच होतो, पण ते दिसलं मला. विचारलं, दुसरी कुठंय? म्हणाली, कुत्र्यानं नेली. आपल्याकडं कुत्रं कुठं होतं? काठावर, जिथं काठी रोवायचे ना, तिथं चिखल असा होता, की ओढून घ्यायचा. आम्ही चपला काढूनच उतरायचो." तो थांबला. "तिला सवय नव्हती. ती कधी काठावर यायचीच नाही."

पंपवालिणीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मी चपलेचा विचारच केला नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी फक्त काठ्यांचा केला."

"तुमच्या मनातून उतरेन, असं त्या म्हणाल्या होत्या."

"उतरली का, ते मला अजून कळत नाही," तो म्हणाला. आणि मग, "मला एकदा तरी सांगायचं होतं तिनं. मी काय केलं असतं? आई होती ती." तो रडला नाही. तळव्यानं तोंड पुसलं, दोनदा, जसं पाण्यातून वर आल्यावर पुसतात. "पण धाकट्याला काय? त्याला कुठं कळणार, कुणी नेल्या ते. त्यानं तर दादालाच हाका मारल्या असतील."

खोटं समाधान द्यायचं पंपवालिणीच्या जिवावर आलं. इतकं खरं बोलून झाल्यावर आता एक खोटं कशाला? ती उठली, हात धुतले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"आईनं कोरड्यात आण म्हटलं," तो म्हणाला. "कोरड्यात तो जळतोय."

"हो."

"ओल्यात होता, तसाच राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बूटवाल्या बाई आल्या, त्यांची माणसं आली. पंपवाल्यानं कुणाला आत येऊ दिलं नाही. एकटाच गेला. बाहेर सगळे उभे होते. घरघर आधी जड झाली, मग अडखळली, एकदा खोकल्यासारखी झाली आणि थांबली. मांडणीवरची भांडी आता कायमची स्थिर झाली. पंपवालिणीनं भिंतीला हात लावला, तर भिंत थंड आणि मेलेली.

तो बाहेर आला, हाताला तेल लागलेलं. बायकोला म्हणाला, "गेली तुझी सवत."

"फार दिवस नांदली," ती म्हणाली. त्या दोघांखेरीज कुणाला हसू आलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही.

पाणी धावत आलं नाही. ते चोरपावलांनी आलं. चरांची तोंडं बुजवली, तसं आधी चरांत साचलं, मग मातीला घाम फुटावा तशी जमीन काळीभोर झाली, मग सकाळी कुठं कुठं आभाळाचे तुकडे पडलेले दिसू लागले. धुराचा एकेक पुंजका विझत गेला. जिथं पाणी आगीपर्यंत पोचायचं, तिथं जमिनीखालून एक लांब उसासा यायचा आणि वाफ उठायची. पंपवालीण तो उसासा ऐकून प्रत्येक वेळी हात जोडायची. कुणासाठी, ते तिनं ठरवलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता सून ठकीला घेऊन परत आली. खालच्या वस्तीत त्या वर्षी नदी घरात शिरली नाही, असं ती म्हणाली. ठकी अंगणात आली, इकडंतिकडं बघून म्हणाली, "घर्र कुठंय?" आणि न खोकता हसली. पंपवालीण घरात गेली आणि सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत काहीच नव्हतं, नजर नाही, राग नाही. रिकामी खोली होती. त्याचंच तिला भय वाटलं. शपथ मोडल्याचा जाब कोणी तरी विचारायला हवा होता. कुणी विचारला नाही. तो जाब आता तिला जन्मभर स्वतःच स्वतःला विचारायचा होता, आणि वर गेल्यावर सासूबाईंसमोर उभं राहायचंच होतं. काय सांगणार त्यांना? पोर श्वास घेतेय, एवढंच सांगेन, असं तिनं मनाशी ठरवलं. त्याही आजीच होत्या ना तिच्या, पणजी.

संध्याकाळी पंपवाला बांधावर गेला. ती मागोमाग गेली. पाणी आता बांधाच्या पायथ्याशी आलं होतं, आणि त्यात कोवळं लव्हाळं, बोटभर, हिरवं. धुकं उतरत होतं. पाण्यावर काही हललं. पाखरू असेल, मासा असेल. तो कितीतरी वेळ त्या दिशेनं बघत उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं ते नाव घरातसुद्धा फारसं घेतलं नव्हतं. शोधलं, चाळलं, खणलं, पण हाक मारली नव्हती.

"धाकट्या," त्यानं हाक मारली. मोठ्यानं नाही, पण पाण्यावरून आवाज लांब जातो. "दादा काठी ठेवून आला होता रे. दादानं नेली नाही."

पाण्यावरून काही परत आलं नाही. धुकं जवळ आलं. पंपवालीण मात्र तिथून हलली नाही. त्याला आणखी एकदा सांगायचं असेल, तर ऐकायला कुणी तरी असावं म्हणून.

त्यानं आणखी एकदा सांगितलं. मग घरातून सुनेची हाक आली, ठकीच्या औषधाची वेळ झाली होती, आणि औषध ती आजोबांच्याच हातून घ्यायची.